एक चिकट, एक उधळी

हिशेबनीस
मंडळी, प्रश्न घरगुती आहे. मी साताऱ्याजवळ झेडपीच्या शाळेत मास्तर, बायको घरी ब्लाउज शिवते. कमावतो दोघं, पण पैशाच्या बाबतीत दोन टोकं.

गेल्या रविवारी माझ्या चपलेचा अंगठा तिसऱ्यांदा तुटला. शिवून घेतला, ४० रुपये दिले आणि घरी येईस्तोवर त्या ४० रुपयांची रुखरुख लागून राहिली. येऊन बघतो तर बाई ८५० रुपयांचं ड्रेसचं कापड घेऊन बसलेली. कुणाला? तर भाजीवाल्या मावशींची मुलगी दहावी पास झाली म्हणून. आता यावर काय बोलणार? चांगलं केलंस म्हणालो आणि रात्री वहीत ‘८५० – किरकोळ’ लिहून टाकलं.

मी पीपीएफचे पैसे ५ एप्रिलच्या आत भरणारा माणूस (५ तारीख उलटली की त्या महिन्याचं व्याज हुकतं). तिला पोस्टात आरडी काढून दिली, तर चार हप्ते चुकवून खातं बंद पाडलं. पण हीच बाई गल्लीतल्या वीस जणींच्या भिशीत महिना ३,००० रुपये भरते, सहा वर्षांत एकदाही चुकलेली नाही. व्याज शून्य! उधळेपणा हा स्वभाव म्हणावा, तर भिशीच्या दिवशी तो जातो कुठे?

गवती_चहा
मास्तर, तुमच्यासारख्यांवर चक्क संशोधन झालंय. रिक, क्रायडर आणि लोवेनस्टाइन या तिघांनी २००८ मध्ये चिकट ते उधळ्या अशी मोजपट्टीच मांडली. त्यातला मला आवडलेला भाग म्हणजे चिकट आणि काटकसरी यांतला फरक. काटकसऱ्याला पैसे वाचवताना मजा येते. चिकटाला पैसे देताना दुखतं, म्हणून त्याचे वाचतात. गंमत बघा, ५ डॉलरच्या कुरियर खर्चाला त्यांनी काहींपुढे नुसती ‘फी’ म्हटलं आणि काहींपुढे ‘छोटीशी फी’. तेवढ्या एका शब्दाने चिकट मंडळी जास्त तयार झाली, उधळ्यांना काडीचा फरक पडला नाही.

रिक यांनी पुढे २०११ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर जोडप्यांचा अभ्यास केला. चिकटाला उधळी आणि उधळ्याला चिकट आवडते, आणि मग पैशावरून त्यांचीच जास्त वाजते. म्हणजे तुमचं घर काही जगावेगळं नाही.

मात्र माणसाच्या स्वभावाला चार इंग्रजी अक्षरांचा शिक्का मारणाऱ्या नेटवरच्या त्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांच्या नादी लागू नका. माझ्या लेखी ते राशिभविष्यच.

लालबागची_माई
मास्तर, स्वभाव म्हणता, पण मी वेगळंच पाहिलंय. माझे सासरे गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा आमचे हे चौदा वर्षांचे, धाकटे दीर बाराचे. घरातली पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. हे आजही मिठाईच्या बॉक्सचा दोरा गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवतात. दीर? हॉटेलात बिल दुसऱ्याला देऊच देत नाहीत. म्हणतात, भांडी गेली तशी नोटही जायचीच, मग खाऊन का घालवू नये! घर एक, संप एक, आणि पोरं अशी दोन. तेव्हा स्वभाव नाहीच, असंही छातीठोकपणे नाही म्हणवत.

तुमच्या भिशीच्या कोड्याचं म्हणाल तर मला ते कोडं वाटतच नाही. तुमची बायको माणसांसाठी खर्च करते आणि माणसांसमोरच बचत करते. आरडीचा हप्ता चुकला तर पोस्टातल्या माणसाला सुतक नाही. भिशीचा चुकला तर एकोणीस जणींत नाक कापलं जातं. सहा वर्षं चुकली नाही म्हणता, मग उधळी कशी हो ती? व्याज नसेना का. आणि वहीत त्या पोरीच्या ड्रेसला ‘किरकोळ’ लिहू नका, ‘मावशी’ लिहा.

स्कॅन_करा
मी उधळ्या पार्टीचा. ५०० ची नोट मोडायला जिवावर येतं, पण मोबाइलवर स्कॅन केलं की पैसे गेल्यासारखं वाटतच नाही. चहा, वडापाव, रिक्षा, महिनाअखेर खडखडाट. आता यूपीआयला वेगळं खातं जोडलंय, १ तारखेला त्यात ६,००० टाकतो. संपले की डबा न्यायचा. स्वभाव तोच, फक्त खातं बदललं. मास्तर, तुम्ही उलटं करा. रोख बंद, स्कॅन सुरू. दुखणं कमी होईल.

हिशेबनीस
सगळ्यांचे आभार. रात्री हा सगळा धागा हिला वाचून दाखवला. माईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. मग विचारते, “अहो, तुम्ही काटकसरी का चिकट?” मी काटकसरी म्हणालो. ती नुसती चपलेकडे बघत राहिली.

परवा तिची भिशी लागली, ६०,०००. त्यातले वीस हजार पीपीएफला, बाकीचं मी विचारायचं नाही, असं ठरलं. आज शाळेतून आलो तर दारात नवी कोल्हापुरी. जुनी गायब. केवढ्याला पडली विचारलं.

“काही नाही हो, छोटीशीच किंमत आहे.”

आकडा अजून कळलेला नाही. वहीत एक ओळ मोकळी सोडली आहे.