व्हिप फक्त सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरता ठेवावा का?

नाना_वाईकर (धागालेखक)

मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. म्हणजे सरकारला 'नाही' म्हणायची ताकद सभागृहात हवी. विरोधकांकडे आकडा नसतो, म्हणून तर ते विरोधक. तेव्हा ही ताकद खरी असते ती सत्ताधाऱ्यांच्याच मागच्या बाकांवर, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांकडे. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने नेमके तेच बाक गप्प केले. तिने आणलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार (हाच पक्षांतरबंदी कायदा) पक्षाचा 'कोणताही' आदेश, म्हणजे व्हिप, मोडून मत दिलं, किंवा नुसतं गैरहजर राहिलात, तरी सदस्यत्व जाऊ शकतं. पंधरा दिवसांत पक्षाने माफ केलं तर वाचलात. विषय धरणाचा असो की डेटा संरक्षणाचा, खासदाराला मत एकच: पक्षाचं.

ज्या ब्रिटनकडून आपण ही पद्धत घेतली तिथे बघा. २९ ऑगस्ट २०१३ला सीरियावरच्या कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला, आणि पंतप्रधान कॅमेरन यांनी तिथल्या तिथे माघार जाहीर केली. १५ जानेवारी २०१९ला पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार (युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा) ४३२ विरुद्ध २०२ने आपटला. विरोधात त्यांच्याच पक्षाचे ११८ जण. दुसऱ्या दिवशी अविश्वास ठराव आला तेव्हा पक्ष पाठीशी उभा राहिला आणि सरकार ३२५-३०६ने वाचलं. करार नको, पण सरकार राहू दे, हे एकाच खासदाराला चोवीस तासांत म्हणता आलं. आपल्याकडे त्याची जागा गेली असती.

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. १९९०मध्ये निवडणूक सुधारणांसाठीच्या दिनेश गोस्वामी समितीने जवळपास हेच सुचवलं होतं. आणि चिडू नका, पण पाकिस्तानच्या घटनेतलं कलम ६३अ या बाबतीत आपल्यापेक्षा सैल आहे: पंतप्रधानाची निवड, विश्वास-अविश्वास, धनविधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं) आणि घटनादुरुस्ती, एवढ्यापुरतंच.

खडूस_नागपुरी

नाना, मांडणी झकास, पण १९७५ कुठे गेलं? तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता. मागचे बाक मोकळे होते. तरी पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९वी घटनादुरुस्ती ऑगस्टमध्ये चार दिवसांत उरकली: दोन्ही सभागृहं, राज्यांची मंजुरी, राष्ट्रपतींची सही, सगळं. पुढच्या वर्षी ४२वी. कुठे होती तुमची ती ताकद?

३९वीतलं मुख्य कलम नोव्हेंबर १९७५मध्ये रद्द केलं ते सर्वोच्च न्यायालयाने, केशवानंद भारती निकालाच्या (संसदेला घटनेचा मूळ ढाचा बदलता येत नाही, या) आधारावर. तो १९७३चा निकालही ७ विरुद्ध ६ असा काठावरचा. म्हणजे वेसण घातली ती लिखित घटनेने आणि न्यायाधीशांनी. पुढाऱ्याच्या नावावर निवडून आलेला माणूस पुढाऱ्याला अडवत नाही, व्हिप असो नसो.

नाना_वाईकर

बहुतेक जण गप्प बसले, मान्य. विरोधी नेते तुरुंगात होते हेही जोडा. पण पुण्याचे मोहन धारिया काँग्रेसच्याच तिकिटावर निवडून आलेले होते आणि लोकसभेत आणीबाणीविरुद्ध बोलले. आजच्या कायद्यात त्यांनी विरोधात मत टाकलं असतं तर पक्षाला एक अर्ज करायचा अवकाश होता.

आणि कोर्टाचं म्हणाल, तर एप्रिल १९७६मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात ४ विरुद्ध १ने सांगितलं की आणीबाणीत स्थानबद्धाला दाद मागता येणार नाही. तो एकटा म्हणजे न्या. खन्ना, त्यांची सरन्यायाधीशपदाची पाळी डावलली गेली. एकाच दोरीवर भरवसा ठेवायचा का, एवढंच विचारतोय.

मडगांवकार

तुम्ही किरकोळ विक्रीबद्दल भांडताय, आमच्याकडे घाऊक चालते. गोव्यात २०१९ला काँग्रेसच्या १५पैकी १० आमदारांनी भाजपची वाट धरली. २०२२ला ११पैकी ८. दोन्ही वेळा दोन-तृतीयांश भरले, की कायद्याने ते पक्षांतर नाही, झालं 'विलीनीकरण'. २०२२च्या निवडणुकीआधी तर काँग्रेस उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन शपथा घ्यायला लावल्या होत्या! देवाला जमलं नाही ते परिशिष्टाला जमेल?

एकट्याने तत्त्वासाठी मत दिलं तर घरी, टोळीने गेलात तर मंत्रिपद. हा कायदा सरकारला आवरत नाही आणि पक्षांतरही थांबवत नाही.

बूथवाला

तीसेक वर्षं पोलचिट वाटणाऱ्या माणसाचं ऐका जरा. मतदार चिन्ह बघतो. उमेदवाराचं नाव कित्येकांना मतदानाच्या दिवशीही धड माहीत नसतं. चिन्हावर आलास तर चिन्हाचं ऐक, यात हुकूमशाही कसली?

व्हिप सैल केला की काय होतं हे बघायला लंडन कशाला? राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदाराने उलटं मत दिलं म्हणून या कायद्याखाली आमदारकी जात नाही. तिथे दर वेळी काय दिसतं? हॉटेलं, बसगाड्या आणि फुटलेली मतं. महाराष्ट्रातला जून २०२२ विसरलात? आता हेच प्रत्येक विधेयकाला करा. भाडेकरू कायदा आला की बिल्डर, साखरेचा आला की कारखानदार, दारात उभे.

नाना_वाईकर

परिषदेचं मतदान गुप्त असतं, म्हणून तर बाजार भरतो. विधेयकावर नावनिशी मतविभागणी घ्या, यादी दुसऱ्या दिवशी पेपरात येऊ दे. आज बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने जातात. कोण काय म्हणालं, याची नोंदच नाही. बिल्डरला विकला गेलेला आमदार निदान नावानिशी दिसेल. आज तो बिल्डर पक्षश्रेष्ठींकडेच जातो, तेवढाच त्याचा प्रवासखर्च वाचतो.

अध्यक्षीय_अण्णा

मुळात सरकार आणि कायदेमंडळ यांची गाठच सोडा, अध्यक्षीय पद्धत आणा. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून यांनी मार्शल लॉ लावला. सैन्याचा वेढा असताना काही सदस्य कुंपणावरून उड्या मारून आत गेले आणि काही तासांत १९०-० मतांनी तो उठवायचा ठराव झाला. त्यात सत्ताधारी पक्षाचेही काही जण होते. पुढे ४ एप्रिल २०२५ला घटना न्यायालयाने आठही मतांनी यूनना पदावरून काढलं. राष्ट्राध्यक्षाला संसद विसर्जित करता येत नव्हती, हे तिथलं खरं बळ.

खडूस_नागपुरी

अण्णा, मधला ७ डिसेंबर गाळलात. त्या दिवशी महाभियोगाचा पहिला प्रयत्न फसला, कारण सत्ताधारी पक्षाने जवळपास एकगठ्ठा सभात्याग केला. कायद्याने कोणाची जागा जाणार नव्हती, तरी. आठवडाभर लोक थंडीत रस्त्यावर उभे राहिले तेव्हा १४ तारखेला मतं फिरली. अमेरिकेत तर १८६८पासून तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार महाभियोग झाले, सिनेटने एकालाही दोषी धरलं नाही.

बूथवाला

परत मूळ मुद्द्यावर. नाना, तुमच्या सूत्रात अर्थविषयक विधेयकांवर व्हिप राहणार ना? २०१६ला आधार विधेयक धनविधेयक म्हणून आलं आणि राज्यसभा बाजूला पडली, कारण धनविधेयक तिला अडवता येत नाही. विधेयक धनविधेयक आहे की नाही हे ठरवतात लोकसभेचे अध्यक्ष. मग उद्या सरकार प्रत्येक कागदावर तोच शिक्का मारेल, आणि तुमचे मोकळे बाक पुन्हा बांधलेले.

नाना_वाईकर

हा मुद्दा बरोबर लागला. मग अर्थविषयक विधेयकं गाळा. विश्वास, अविश्वास आणि वार्षिक अर्थसंकल्प, एवढंच ठेवा.

बूथवाला

आणि कपात सूचना, म्हणजे सरकारने मागितलेला खर्च कमी करायचा प्रस्ताव? ती मंजूर झाली तरी सरकार गेल्यातच जमा असतं. तिच्यावर व्हिप नाही म्हणालात, तर सरकार पाडायला अविश्वास ठराव हवाच कशाला?

मडगांवकार

तुम्ही यादी करा सावकाश. तोपर्यंत आमचे आणखी दोन-चार विलीन होतील.