डिस्टिलरीचं स्पेंटवॉश रानात सोडलं, आता विहीर तपकिरी झालीय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गावाकडं ओढ्यालगत आमचं दोन एकर काळं रान आहे. वडील बघतात, मी पुण्यात. मार्चमध्ये जवळच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचा टँकरवाला आला. "इथेनॉल काढून राहिलेलं पाणी आहे, प्रक्रिया केलेलं. फुकटात पोटॅश मिळतंय, घ्या." मळीपासून एक लिटर इथेनॉल काढलं की ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश उरतं, ते कुठंतरी जिरवायचंच असतं, हे मला नंतर वाचून कळलं. वडिलांनी पाच टँकर घेतले. पसरलं वगैरे काही नाही. बांधावरून पाइप सोडला आणि ड्रायव्हर सावलीला जाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी गांडुळं वर येऊन मेलेली. सडक्या गुळासारखा वास महिनाभर. पाऊस पडला तसं विहिरीचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं, बादली भरली की फेस येतो. सखल कोपऱ्यात पांढुरका पापुद्रा धरलाय. उसाची आडसाली (पावसाळ्यातली) लागण करणार होतो, ती थांबवली.

रान सुधारेल का? जिप्सम टाकू का? आणि तक्रार करावी तर वरच्या रानातला खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) त्याच कारखान्याला जातो. तोडीची पाळी त्यांच्याच हातात!

प्रतिसाद
भाऊ, आधी ते पाणी पिणं बंद करा, जनावरांनाही पाजू नका. उकळून तो रंग जात नाही.

माती तपासल्याशिवाय जिप्सम नको. सोडियम वाढला असेल तरच त्याचा उपयोग. तुमच्याकडं बहुतेक पोटॅश आणि एकूण क्षार वाढलेत. पापुद्र्याची आणि चांगल्या भागातली माती वेगवेगळी घ्या, सामू (pH) आणि क्षारता दोन्ही बघायला सांगा. मग ओढ्याकडं चर काढा. काळ्या रानात निचरा नसेल तर कितीही पाणी द्या, क्षार तिथंच. यंदा ऊस सोडा, धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) करून गाडा. पोटॅशची गोणी तर आणूच नका.

राहिली तक्रार. डिस्टिलरीनं स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळायचं किंवा प्रेसमडवर (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर) टाकून कंपोस्ट करायचं असतं. तुमच्याकडं टँकर कुठल्या परवानगीनं आला, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात दिसेल. माहिती अधिकारात मागा. विहिरीचा नमुना मंडळाच्या माणसासमोरच घ्या. घरून बाटली भरून नेलीत तर कोणी विचारणार नाही. टँकरची पावती आहे का?

धागाकर्ता
पावती नाही. वडिलांच्या मोबाइलमध्ये टँकरचा फोटो आहे, नंबर दिसतो. वडील म्हणतात, खोडवा तुटून जाऊ दे, मग बघू. म्हणजे जानेवारी. माती मात्र रविवारी जाऊन काढतो. ओल्या रानातली चालेल, की वाळू द्यावी लागेल?

प्रतिसाद
ओली चालेल. घरी आणून सावलीत वाळवा, उन्हात नको. आणि खताच्या गोणीत भरू नका, आमच्याकडं एकानं तेच केलं होतं.