मदत हवी आहे : जुनी सुप्रा, ए-३४०-ई ऑटोमॅटिक, गरम झाल्यावर तिसरा गिअर घसरतो

मंडळी, नाशिकहून लिहितोय. गाडी १९८९ ची टोयोटा सुप्रा. ३ लिटरचं ७एम-जीई इंजिन, विनाटर्बो, आणि ऐसीनचा ए-३४०-ई चार स्पीड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने त्यात शिफ्ट किट (गिअर पडण्याची पद्धत बदलणारे स्प्रिंग वगैरे सुटे भाग) घातलंय, जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमला पकड घेणारा, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) बसवलाय आणि पुढे वेगळा ऑइल कूलर लावलाय. कामाची बिलं, कागद काहीच मिळाले नाहीत. किट कुठलं आणि व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब क्लच-ब्रेककडे वळवणारा भाग) काय काय बदललं, हे उघडल्यावरच कळेल.

थंड असताना गाडी छान चालते. तेल तापलं की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्येच सुटते. रेस वर जाते, गाडी ओढत नाही आणि मग तिसरा दणकन बसतो. कसारा घाट चढताना तर जीव टांगणीला लागतो. रिव्हर्स टाकला की तीनेक सेकंद गाडी ढिम्म हलत नाही, मग धक्का देऊन मागे जाते. डी मात्र लगेच घेते. मॅन्युअलमध्ये न्यूट्रलमधून डी ला १.२ सेकंद आणि रिव्हर्सला १.५ सेकंद ही मर्यादा दिली आहे, म्हणजे रिव्हर्स सरळ नापास. पहिल्यातून दुसरा आणि तिसऱ्यातून ओव्हरड्राइव्ह (चौथा), दोन्ही व्यवस्थित पडतात.

वायरिंगचा संशय आधी फेडून घेतला. ओव्हरड्राइव्हचा दिवा लुकलुकत नाही, तपासणीच्या सॉकेटमधल्या टीई१-ई१ पिना जोडूनही बिघाडाचा कोड नाही. मग सोलेनॉइडचा (गिअर बदलणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) कनेक्टर काढून नुसत्या लिव्हरवर चालवली. एल ला पहिला, २ ला तिसरा, डी ला थेट ओव्हरड्राइव्ह, अगदी पुस्तकात आहे तसं. पण तिसरा घेताना तीच घसरण! ईसीयूचा (गाडीच्या कॉम्प्युटरचा) काही संबंधच नसताना घसरते म्हटल्यावर दोष आतला, हे मी धरून चाललोय.

गिअरबॉक्सचं चेंबर (खालचं तेलाचं भांडं) उतरवलं तेव्हा तेलाला जळका वास होता. चुंबकांवर करडा, बोटाला लोण्यासारखा लागणारा चिखल होता. इतक्या जुन्या बॉक्समध्ये तेवढं लोखंड निघायचंच. काळजी वाटली ती जाळीची. तिच्यात काळी पूड आणि नखाएवढे काळे पापुद्रे अडकले होते, चुंबकाला न चिकटणारे. चिमटीत धरून चोळले तर भुगा झाला. हे क्लच प्लेटचं अस्तर. पितळेचा चुरा कुठे दिसला नाही, त्यामुळे बुश अजून शाबूत असावेत.

तिसरा आणि रिव्हर्स या दोघांत सामाईक काय, तर डायरेक्ट क्लच, सी२. पहिल्या-दुसऱ्यात तो मोकळा असतो, तिसऱ्यापासून पुढे लागतो आणि रिव्हर्सलाही लागतो. माझा सगळा संशय त्याच्यावर आहे.

इथल्या गॅरेजवाल्यांचं एकच म्हणणं, हा बॉक्स टाका आणि मॅन्युअल बसवा. मला ते मुळीच पटत नाही. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत हायड्रॉलिक आणि मशिनिंगची उत्तम जाण असलेली माणसं आहेत, फक्त ऑटोमॅटिक आतून पाहिलेला माणूस सापडत नाही. गाडी जन्मली तशी ऑटोमॅटिकच राहावी, ही मनापासून इच्छा आहे.

तर जाणकारांनी सांगावं. बॉक्स खाली घेण्याआधी सी२ ची खात्री कशी करू? बांधताना शिफ्ट किट ठेवू की व्हॉल्व्ह बॉडी मूळ स्थितीत आणू? आणि कन्व्हर्टर कापून, धुऊन, परत वेल्ड करून बॅलन्स करणारं नाशिक-पुणे-मुंबई पट्ट्यात कोणी आहे का? अस्तराचा एवढा भुगा आत फिरल्यावर कन्व्हर्टर न धुता परत बसवणं मला धोक्याचं वाटतं.

प्रतिसाद :
दादा, तर्क बरोबर आहे, पण रिव्हर्सला, आणि एल मधल्या पहिल्यालाही, बॉक्समधला बी३ ब्रेक लागतो, तो आधी वगळा. रिकाम्या उतारावर एल मध्ये एक्सिलरेटरवरचा पाय काढा. इंजिन गाडीला धरत असेल तर बी३ ठीक. थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी थ्रॉटल केबलही बघा, या बॉक्सचं लाइन प्रेशर (तेलाचा मुख्य दाब) तिच्यावर ठरतं. पूर्ण थ्रॉटलला केबलच्या रबरी बूटचं टोक आणि केबलवरचा स्टॉपर यांत ० ते १ मिमी अंतर हवं. केबल सैल असेल तर प्रेशर कमी पडून चांगला क्लचही जळतो. स्टॉल टेस्ट (ब्रेकवर गाडी जागीच धरून पूर्ण थ्रॉटलला इंजिनचे आरपीएम बघणं) केलीत तर कन्व्हर्टर बदललेला असल्याने पुस्तकातला आकडा धरू नका. डी आणि रिव्हर्सचे आकडे एकमेकांशी ताडून बघा, आणि ५ सेकंदांच्या वर एक्सिलरेटर दाबून ठेवू नका.

यानंतरही बॉक्स लगेच उतरवू नका. व्हॉल्व्ह बॉडी खाली घेतली की सी२ चा अॅक्युम्युलेटर पिस्टन (क्लच धक्क्याशिवाय लागावा म्हणून दाब हळू चढवणारा) हाताशी येतो. त्याची ओ-रिंग कडक होऊन प्रेशर गळत असेल तरी हीच लक्षणं दिसतात. तिथूनच सी२ च्या छिद्रात हवा मारा. 'ठप्प' असा भरीव आवाज यायला हवा. नुसतं फुसफुसलं तर क्लचच्या पिस्टनचं सील किंवा ओव्हरड्राइव्ह सपोर्टवरच्या रिंगा गेल्या. किटबद्दल माझं मत, मूळ स्प्रिंगा मिळाल्या तर मूळच घाला. नव्या प्लेटी मात्र बसवण्याआधी किमान १५ मिनिटं तेलात भिजवा.

धागाकर्ता :
फार आभार, दादा. केबलचं अंतर बरोबर निघालं. एल मध्ये उतारावर गाडी छान धरते, म्हणजे बी३ संशयातून सुटला. स्टॉलला रिव्हर्सचे आरपीएम डी पेक्षा स्पष्ट जास्त आहेत. अंबडच्या एका ओळखीच्या हायड्रॉलिकवाल्याकडून २५ किलोपर्यंत (प्रति चौरस सेंटिमीटर) दाब मोजणारा गेज मिळतोय, तो लावून डी आणि रिव्हर्स दोन्हीकडचं लाइन प्रेशर मोजतो आणि मग व्हॉल्व्ह बॉडी उतरवतो. अॅक्युम्युलेटर पिस्टनवर अस्तराचे पापुद्रे चिकटलेले असले तर ओ-रिंग नवी घालूनही प्लेटी बदलाव्याच लागतील ना? आणि सी२ चं छिद्र नेमकं कुठलं, याचा फोटो किंवा हाताने काढलेली आकृती कोणाकडे असेल तर कृपया टाका. चुकीच्या छिद्रात हवा मारून निष्कर्ष काढायचा नाहीये.