सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

एकांनी लिहिलंय की गूगल ड्राइव्हला सगळं सिंक होतं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फाइली आपोआप तिथेही तशाच राहतात, मग बॅकअप म्हणून वेगळी प्रत कशाला? मला हे अजिबात पटत नाही. सिंक चालू असलेल्या फोल्डरमधून फाइल उडवली की ती ड्राइव्हवरूनही जाते, आणि तिथल्या ट्रॅशमध्ये फक्त ३० दिवस राहते. वर्षभराने आठवण झाली तर काय करणार?

'एक्स्टर्नल डिस्क घ्या, झालं' हा सल्लाही अर्धवट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात घराघरांत शिरलं. आमच्या ओळखीच्या एका काकांचा सीपीयू टेबलाखाली जमिनीवर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. यूएसबीच्या खाचेत गाळ घट्ट बसला होता. काकूंच्या माहेरचे जुने फोटो त्यांनी हौसेने स्कॅन करून घेतले होते, ते दोन्ही जागी होते आणि दोन्हीकडून गेले. फार वाईट वाटलं.

म्हणून ३-२-१ चा नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. शक्यतो दुसऱ्या गावी, म्हणजे पुण्या-मुंबईला बहीण-भाऊ असेल तर दिवाळीला जाताना डिस्क बदलून आणता येते.

कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. २०१७ च्या वॉनाक्राय-सारखं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतं. आणि अधूनमधून बॅकअपमधली एखादी फाइल खरंच उघडते का ते बघा, हे बहुतेक जण करत नाहीत. सगळं एकदम जमत नसेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं घ्या, सिनेमे राहू देत.