‘पॉवर डिस्टन्स’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : व्यवस्थापनाच्या टिपणांचा मराठी अनुवाद करते आहे. डच अभ्यासक हॉफस्टेड यांनी देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करताना वापरलेली ‘पॉवर डिस्टन्स’ (सत्तेतली विषमता लोक कितपत गृहीत धरतात, त्याचे माप) ही संज्ञा त्यात सारखी येते. मी ‘सत्ता-अंतर’ लिहिले, तर मुद्रितशोधकाने संधी करून ‘सत्तांतर’ केले. आता वाक्य असे वाचले जाते : ‘मलेशियात सत्तांतर सर्वाधिक आहे.’ दुसरा शब्द हवा.

प्रतिसाद : ‘अधिकार-अंतर’ घ्या. संधीचा प्रश्नच नाही.

प्रतिसाद : माझ्या मते ‘अंतर’च फसवते. वाचकाला वाटेल, साहेब आणि कारकून यांच्या पगारातली तफावत मोजली आहे. आयबीएम या संगणक कंपनीच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात लाखाहून अधिक प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या; त्यांवर आधारलेले हॉफस्टेड यांचे पुस्तक १९८० चे. प्रश्नावलीतला या बाबतीतला कळीचा प्रश्न साधारण असा : वरिष्ठांचे म्हणणे पटले नाही तर तसे बोलायला तुमच्याकडचे लोक किती वेळा घाबरतात? म्हणजे विषमता किती आहे यापेक्षा, खालच्या माणसाने ती किती गृहीत धरली आहे, याला महत्त्व. म्हणून ‘वचक’, ‘दरारा’ही नकोत; ते वरच्या माणसाचे गुण झाले. खालून बघणारा शब्द आपल्याकडे आहे : पायरी. ‘पायरी ओळखून राहावे’, ‘पायरी सोडून बोलू नये’. मी ‘पायरीभान’ सुचवेन.

प्रश्नकर्ती : शब्द फार आवडला, पण वाक्यात घालून पाहिला आणि अडले. ‘डेन्मार्कमध्ये पायरीभान कमी’ म्हटले की डॅनिश लोक उद्धट ठरतात! ‘भान नसणे’ हा मराठीत दोषच. संज्ञेने कुणाची बाजू घेता कामा नये.

प्रतिसाद : मान्य, हे माझ्या लक्षात आले नव्हते. मग ‘उतरंडमान्यता’? उतरंड आहे, ती लोकांना किती मान्य आहे, एवढेच तो सांगतो. ‘उतरंडमान्यता : डेन्मार्क १८, भारत ७७.’ यात कुणी उद्धट नाही, कुणी लाचारही नाही.

प्रतिसाद : चांगला आहे. फक्त ७७ पुढे ‘टक्के’ लिहू नका; ही चूक फार ठिकाणी दिसते. तो निर्देशांक आहे, देशांची एकमेकांशी तुलना करण्यापुरता. साधारण ० ते १०० ही मोजपट्टी आधी ठरली, मलेशियाची भर नंतर पडली, म्हणून मलेशियाचा आकडा १०४ आहे. ‘१०४ टक्के उतरंडमान्यता’ छापून गेले तर शब्दावरची एवढी मेहनत वाया जाईल.

प्रश्नकर्ती : ‘उतरंडमान्यता निर्देशांक’ केले. पहिल्या उल्लेखाला पायरीचा वाक्प्रचारही देते आहे.