मदत हवी आहे: १४० मीटरची केबल दुपारी दगा देते

हिंगणा एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. ऑफिस ते गोडाऊन कॅट-६ (नेटवर्कची तांब्याची केबल) टाकली, १४० मीटर. मर्यादा १०० मीटरची, माहीत होतं, पण वायरमन म्हणाला, "चालते नं भाऊ!" चालली, हिवाळाभर. आता दुपारी पत्रे तापले की लिंक पडते, रात्री आपोआप येते.

दोन्ही टोकं नव्याने क्रिंप केली (कनेक्टर दाबून बसवले), स्विच (नेटवर्कच्या केबल जोडायची पेटी) बदलला, पोर्टचा वेग कमी करून १०० एमबीपीएसवर ठेवून पाहिला. पडणं कमी झालं, थांबलं नाही. मध्ये स्विच ठेवायला वीज नाही. वायरलेस नको, वाटेत क्रेन फिरते. पलीकडे ४ कॅमेरे आणि बिलिंगचा एक कॉम्प्युटर, बस.

आता फायबरच (प्रकाशाने सिग्नल नेणारी काचेच्या तंतूची केबल) टाकतो. एवढ्याशा अंतराला सिंगल मोड (बारीक गाभ्याची, लांब पल्ल्याची फायबर) आणि मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या नेटवर्क केबलला जोडणारी डबी) चालेल, की मल्टीमोड (जाड गाभ्याची, कमी पल्ल्याची) घेऊ? पत्र्यालगत उघड्यावरून न्यायची, तर आर्मर्डच (धातूचं कवच असलेली) लागेल का?