खासगी भूमापकांनो, दर मागू नका, कायदा मागा

साखळीआणे
राज्य सरकारने 2025 मध्ये परवानाधारक खासगी भूमापकांना मोजणीत घ्यायचं ठरवलं. बांधावर मोजायचं त्यांनी, तपासून प्रमाणित करायचं सरकारच्या भूमी अभिलेख खात्याने. तेव्हापासून आम्ही खासगी सर्व्हेअर निवेदनं घेऊन आमदारांपासून मंत्रालयापर्यंत फिरतोय. निवेदनात असतं काय? फीचा दर वाढवा, कामं वाटून द्या, अटी सैल करा. मला हे पटत नाही. एवढी पायपीट करायचीच तर कायद्यासाठी करू.

सीएंना 1949 चा कायदा आहे, वकिलांना 1961 चा, आर्किटेक्टना 1972 चा. गंभीर चूक केली तर त्यांची सनद किंवा नोंदणी जाते. जमीन मोजणाऱ्याला असा स्वतंत्र केंद्रीय कायदाच नाही. रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जागा मोजणारं काठीवरचं यंत्र, भाड्याने आणला की माणूस सर्व्हेअर होतो.

मागच्या उन्हाळ्यात दोन भावांच्या वादात मोजायला गेलो होतो. काठीवरचा बुडबुडा मधोमध आणला, यंत्र दोन सेंटिमीटरची अचूकता दाखवत होतं. हातातलं टिपण, म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांचा कागद, मात्र साखळी-आण्याचं. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून थोडा जास्त. आण्याच्या खालचं त्या टिपणात काही लिहिलेलंच नव्हतं. मग हद्द धरायची कुठे? जुना दगड सापडतो का, शेजारच्या गटाशी मेळ बसतो का, ओढ्याची वळणं जुळतात का, हे बघत दुपार गेली. शेवटी हद्द ठरवतो माणूस. तो चुकला तर त्याला जाब कोण विचारणार?

निवृत्त भूकरमापक
तुमचं टिपणाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. निर्णय माणसाचा असेल तर तो माणूस कोणाच्या पैशाने आलाय हे महत्त्वाचं. थोरल्या भावाने फी दिलेला सर्व्हेअर धाकट्याच्या बाजूला दोन फूट सोडेल का? खात्याचा माणूस लगतच्या खातेदारांना नोटिसा काढतो. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याची फेरमोजणी, त्यावर सुपर निमताना. ही उतरंड खासगीत कुठे आहे?

इंग्रजांच्या काळात प्रिंगल यांची जमीन-पाहणी फसली तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1830 च्या दशकात इंदापुरात काम नव्याने उभं केलं. ते टिकलं कारण खालच्याचं मोजमाप वरचा तपासायचा. आता राज्यात रोव्हरला अचूक जागा कळवणारी 77 कॉर्स स्टेशनं आहेत, रोव्हर आहेत. माणसं नाहीत. सरकारदरबारी जायचंच असेल तर भूकरमापकांच्या रिकाम्या जागा भरा म्हणून जा.

जिरायतवाला
तुम्हा दोघांच्या भांडणात माझा बांध कुठे आहे? दोन हेक्टरपर्यंत साधी मोजणी 2000 रुपये, द्रुतगती 8000. मी द्रुतगतीचे भरले. पहिल्या तारखेला ऊस उभा आहे म्हणून माणूस परत गेला. दुसऱ्या तारखेला शेजारी म्हणाला, मला नोटीस मिळाली नाही. तिसऱ्यांदा मोजलं, चुन्याच्या खुणा केल्या, चार दिवसांत वळवाने धुऊन नेल्या. क-प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली तोवर शेजाऱ्याने नांगर घातला होता. खासगी असो नाहीतर सरकारी, मला वेळेत मोजून दगड रोवून द्या. कायदा होईस्तोवर माझा नातू सातबाऱ्यावर येईल.

बेळगावकर
आमच्याकडे कर्नाटकात परवानाधारक भूमापक बऱ्याच वर्षांपासून आहेत. शेतजमिनीचा तुकडा विकायचा तर खरेदीखताआधी त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, म्हणजे 11ई नकाशा, लागतो. काय विकतोय ते आधीच कागदावर येतं, हा मोठा फायदा. महाराष्ट्रात पुष्कळदा खरेदीखत आधी होतं आणि बांध नंतर शोधतात. पण या भूमापकाला पगार नाही, नकाशामागे पैसे. महिन्याला जास्त नकाशे काढले तरच घर चालतं. अशा माणसाने जुना दगड शोधत अख्खी दुपार घालवावी असं वाटत असेल तर त्याला दरही नीट द्यावा लागेल. म्हणून साखळीआणे, दराची मागणी इतकी झटकून टाकू नका.

दिवाणी वकील
मला निवृत्त साहेबांचं म्हणणं अर्धंच पटतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 खाली न्यायालय जागा पाहून अहवाल द्यायला कमिशनर नेमतं. हद्दीच्या वादात तो बहुतेक भूमी अभिलेखाचाच अधिकारी असतो. साक्षीची वेळ येईपर्यंत त्याची दोनदा बदली झालेली असते, आणि अनेकदा नकाशावरची सही दुसऱ्याची निघते. नव्या पद्धतीत तर मोजणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा. उलटतपासणीत पिंजऱ्यात कोण उभं राहणार? हे नियमात लिहून घेतलं नाही तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील आणि पक्षकाराची दहा वर्षं जातील.

साखळीआणे
वकीलताई, हेच मला नीट मांडता येत नव्हतं. निवेदनाचा मसुदा बदलतोय. पहिली मागणी: ज्याने मोजलं त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक क-प्रतीवर हवा, साक्षीलाही तोच. दुसरी: एका खातेदाराने आणलेल्या सर्व्हेअरने लगतच्या सगळ्यांना नोटीस दिल्याशिवाय काठी रोवायची नाही. तिसरी: खोटी हद्द दाखवणाऱ्याचा परवाना कायमचा रद्द. दर त्याच्या खाली. बेळगावकर म्हणतात ते खरं आहे, तो काढून टाकत नाही.

जिरायतवाले दादा, चुन्याऐवजी दगड ही मागणी तुमच्यामुळे घालतोय. आम्ही यंत्रं आणि परवान्यांवर बोलत राहिलो, हे सुचलंच नव्हतं.

निवृत्त भूकरमापक
खासगी मोजणीला माझा विरोध कायम आहे. तरी मसुद्यात एक राहिलंय. खासगी मोजणीवर हरकत आली तर निमताना कोण करणार? दुसरा खासगी माणूस नको. तो भूमी अभिलेखाच्या उपअधीक्षकानेच करावा, आणि स्वतः बांधावर जाऊन करावा, टेबलावर बसून नाही. हे कलम घालणार असाल तर मी लिहून देतो. घालणार नसाल तर या निवेदनाविरुद्ध पहिलं पत्र माझं असेल.